दीड मीटर उंचीचा देश

मालदीव हा जगातला सर्वांत सखल देश आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, उत्तर-दक्षिण सुमारे ८६० किलोमीटर पसरलेल्या समुद्रात त्याची जवळपास १,१९० बेटे विखुरलेली आहेत. त्यांतल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती आहे. सगळी जमीन एकत्र केली तर ती ३०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी. समुद्रसपाटीपासून तिची सरासरी उंची दीड मीटर आणि नैसर्गिक जमिनीचा सर्वांत उंच बिंदू सुमारे २.४ मीटर.  डोंगर नाही, नदी नाही, पाणी चढू लागले तर मागे सरकायला जागा नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा आणि आपत्तीच्या तयारीचा विचार इथे या मोजमापांपासूनच सुरू होतो.

विमान राजधानी माले शहराकडे उतरू लागले की या देशाची घडण खिडकीतून दिसते. गडद निळ्या समुद्रात फिकट हिरवी कडी, कड्यांच्या आत खाजण आणि कड्यावर कुठेकुठे झाडीचा ठिपका. ही कंकणद्वीपे. त्यांच्या तळाशी बेसाल्ट आहे आणि त्याचे सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी थेट नाते आहे. आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून भारतीय भूपट्ट सरकत गेला, तेव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर साचले. पुढे त्याच बिंदूवरून लक्षद्वीप-मालदीवची सागरी रांग उभी राहिली. ज्वालामुखी खचत गेले, त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले आणि दोन किलोमीटरहून जाड चुनखडक तयार झाला. बेटे या चुनखडकाच्या अगदी वरच्या थरावर साचलेल्या वाळूची आहेत. भूवैज्ञानिक हिशेबात ती कालपरवाची, काही हजार वर्षांची आहेत.

ही वाळू खडक झिजून आलेली नाही, ती जिवंत प्रवाळभित्तिकेतून येते. प्रवाळांचे तुकडे, चुना साठवणारे शेवाळ, सूक्ष्म जीवांची कवचे यांचा तो चुरा असतो. वक्कारू बेटाच्या भित्तिकेवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाटा पॅरटफिश या माशाचा आहे. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि चुन्याची पूड बाहेर टाकतो. मालदीवमध्ये जमिनीचा प्रश्न माशाच्या आणि प्रवाळाच्या तब्येतीपासून वेगळा काढता येत नाही. मला या प्रवासात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, कारण पुढे दिसणाऱ्या प्रत्येक बंधाऱ्याचे आणि भरावाचे मोल याच हिशेबात मांडावे लागते.

अशा बेटाचा आकारही पक्का नसतो. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात तेव्हा वाळू एका किनाऱ्यावरून दुसऱ्याकडे सरकते, ईशान्येचे वारे सुरू झाले की ती परतीच्या वाटेला लागते. काही छोट्या बेटांवर वर्षभरात किनारा अनेक मीटर पुढे-मागे होतो. जुन्या काळी लोक त्यानुसार राहत. घरे किनाऱ्यापासून आत, समुद्राकडे झाडांचा दाट पट्टा आणि ऋतूंचा अंदाज ‘नकई’ या पंचांगावरून. हे पंचांग मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. त्यात वर्षाचे सत्तावीस भाग आहेत, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, आणि त्यांची नावे अस्सिद, बुरुनु, केती, रोणु अशी सुरू होऊन रेवापर्यंत जातात. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी ते रेवती ही आपलीच नक्षत्रे. कोकणातला शेतकरी मृग आणि आर्द्रा मोजतो, तसा इथला मच्छीमार कोणत्या नकईत वादळ येईल, कोणत्या नकईत मासा कुठे मिळेल हे सांगत आला. आता पाऊस आणि वारा पंचांगाला धरून येत नाहीत, ही तक्रार बेटाबेटांवर ऐकू येते.

विमानतळ स्वतंत्र बेटावर आहे. तिथून पूल ओलांडला की माले. शहराचे बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे, तेही मूळच्या जमिनीला भराव घालून वाढवलेले. रस्ते अरुंद, इमारती खेटून उभ्या, मोटारसायकलींची रांग संपत नाही. जुन्या शहराची खूण म्हणजे १६५८ साली बांधलेली हुकुरु मिस्की ही शुक्रवारची मशीद. तिच्या भिंती प्रवाळाचे दगड तासून, चुना न वापरता एकमेकांत बसवलेल्या आहेत आणि त्यांवरचे कोरीवकाम आजही रेखीव आहे. बांधकामासाठी प्रवाळ काढणे शतकानुशतके चालत आले. लोकसंख्या वाढली, सिमेंटबरोबर प्रवाळाचाही उपसा वाढला आणि बेटांना लाटांपासून वाचवणाऱ्या भित्तिका जागोजागी उघड्या पडल्या. १९९० च्या दशकात त्यावर निर्बंध आले.

मालेचा भराव भित्तिकेच्या कडेपर्यंत पोचला होता. म्हणजे लाटेचा जोर जिथे मोडायचा तो उथळ पट्टाच उरला नव्हता. एप्रिल १९८७ मध्ये दूरच्या समुद्रातून आलेल्या मोठ्या लाटा शहरात शिरल्या, नव्या जमिनीचा भाग वाहून गेला, विमानतळाचेही नुकसान झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वाढत्या समुद्रपातळीचा प्रश्न मांडला. नोव्हेंबर १९८९ मध्ये छोट्या देशांची परिषद मालेतच भरली, तिचा जाहीरनामा निघाला आणि पुढच्या वर्षी लहान बेटांच्या राष्ट्रांची आघाडी उभी राहिली. हवामान वाटाघाटींत आकाराच्या मानाने या आघाडीचा आवाज फार मोठा ठरला. तापमानवाढ दीड अंशाच्या आत रोखण्याचा आग्रह २०१५ च्या पॅरिस करारात शब्दरूपाने आला, त्यामागे याच देशांचा रेटा होता. अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये पाण्याखाली भरवलेली मंत्रिमंडळाची बैठक जगाच्या लक्षात राहिली. देश २०२० पर्यंत कार्बन-तटस्थ करण्याची त्यांची घोषणा मात्र प्रत्यक्षात आली नाही. आजही बहुतेक बेटांवर वीज डिझेलच्या जनित्रांवर चालते.

शहराभोवतीची भिंत हे १९८७ च्या लाटांचेच फळ. जपानच्या मदतीने ती टप्प्याटप्प्याने बांधली गेली आणि २००२ च्या सुमारास पूर्ण झाली. मरीन ड्राइव्हवर बसलेल्या कुणालाही ओळखू येतील असे टेट्रापॉड मालेच्या कडेने रचलेले आहेत. २००४ च्या त्सुनामीत शहराच्या मोठ्या भागात पाणी आले, पण या भिंतीमुळे हानी कमी झाली हे सर्वमान्य आहे. तरीही हा उपाय देशभर करता येण्याजोगा नाही. खर्च तर अवाढव्य आहेच, शिवाय भिंत घातलेल्या बेटाला नवी वाळू मिळणे थांबते आणि ते कायम भिंतीवरच अवलंबून राहते. राजधानीसाठी ही किंमत मोजणे समजू शकते. पाचशे माणसांच्या बेटासाठी तो हिशेब जमत नाही.

समुद्र जमीन गिळण्याच्या कितीतरी आधी पाणी बिघडवतो. वाळूच्या बेटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि मध्यभागी जाड, कडेला पातळ असे गोड्या पाण्याचे भिंग तयार होते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा थोडेच हलके असल्याने, आदर्श स्थितीत भूजलाची पातळी समुद्राच्या वर जितकी असेल त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत हे पाणी खाली जाते. उलट बाजूने पाहिले तर विहिरींतून उपसा वाढून ती पातळी काही सेंटिमीटर उतरली की खालून खारे पाणी वर सरकते. वरून एकदा समुद्र बेटावर चढून गेला तर हे भिंग पुन्हा गोडे व्हायला महिने, कधी वर्षे लागतात. मार्शल बेटांवरील अभ्यासावरून शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये इशारा दिला, की अनेक कंकणद्वीपे बुडण्याआधीच, या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पाण्याविना राहण्यायोग्य उरणार नाहीत. त्या तारखेबद्दल मतभेद आहेत. क्रमाबद्दल, म्हणजे आधी पाणी आणि मग जमीन याबद्दल, फारसे नाहीत.

मालेचे भूजल केव्हाच वापरातून गेले. शहर समुद्राचे पाणी निःक्षारित करून पिते. ४ डिसेंबर २०१४ रोजी त्या प्रकल्पातल्या विद्युत यंत्रणेला आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने दुसऱ्याच दिवशी विमानांतून पाणी पाठवले, ‘आयएनएस सुकन्या’ रवाना झाली, तर ‘आयएनएस दीपक’ हे टँकरजहाज सुमारे एक हजार टन पाणी घेऊन मुंबईहून निघाले. भोवती समुद्र असलेल्या राजधानीला शेजारच्या देशाने पाणी पाजावे लागले, कारण सगळा पुरवठा एका इमारतीतल्या एका यंत्रणेवर होता. त्या दिवशी वादळ नव्हते, भरतीही नव्हती. आपत्तीच्या नियोजनात अशा एकखांबी व्यवस्था शोधून त्यांना दुसरा खांब देणे हे सर्वांत निकडीचे काम असते, असे माझे मत आहे. भिंत बांधण्याइतके ते नजरेत भरत नाही, एवढाच त्याचा दोष.

दूरच्या बेटांवर पाण्याची तऱ्हा वेगळी. तिथे घरोघरी पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या दिसतात, त्यांतल्या कित्येक त्सुनामीनंतर वाटलेल्या. उत्तरेकडे ईशान्य वाऱ्यांच्या कोरड्या महिन्यांत टाक्या रिकाम्या होतात आणि मालेहून बोटीने पाणी पाठवावे लागते. दरवर्षी ठरलेला हा खर्चाचा आणि धावपळीचा प्रकार. हरित हवामान निधीने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच दुखण्यासाठी होता. पावसाचे पाणी, भूजल आणि निःक्षारित पाणी यांची एकत्र व्यवस्था करून ४९ बेटांना कोरड्या हंगामात आधार द्यायचा, अशी त्याची आखणी.

माले आणि विमानतळ यांच्या पलीकडे हुलहुमाले आहे. ही जमीन माणसाने घडवली. १९९७ मध्ये खाजणातील वाळू उपसून भराव सुरू झाला, २००२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला आणि २००४ पासून लोक राहायला आले. २०१५ मध्ये आणखी २४० हेक्टरची भर पडली. जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर, म्हणजे मालेपेक्षा उंच धरली. २०१८ मध्ये पूल झाला आणि वस्तीला वेग आला. रुंद रस्ते, शाळा, रुग्णालय, सात हजार घरांचे उंच मनोरे. मालेतल्या एका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या कुटुंबांना इथे घर मिळाले आणि ते महत्त्वाचे आहे. पण उंचीचा हिशेब शेवटचा नाही. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शतकाअखेर जागतिक समुद्रपातळी, उत्सर्जनाच्या वाटेनुसार, सुमारे ०.२८ ते १.०१ मीटर वाढू शकते. वादळी लाट आणि उधाणाची भरती त्यावर चढते. दोन मीटर म्हणजे काही दशकांची सवड. तीही भित्तिका शाबूत राहिली तर.

राजधानीच्या परिसरात देशाची सुमारे दोन पंचमांश लोकसंख्या राहते. माणसे एकत्र आली की दवाखाना, पाणी, निवारा पुरवणे सोपे होते आणि एकच आपत्ती सगळ्यांना गाठते हेही खरे होते. विखुरलेली माणसे मोजक्या सुरक्षित बेटांवर आणावीत की प्रत्येक बेट जगवावे, हा वाद इथे तीस वर्षे चालला आहे. सरकारे बदलली की उत्तर बदलते.

त्या वादाला २६ डिसेंबर २००४ ने धार आणली. सुमात्राजवळ पहाटे भूकंप झाला आणि लाटा मालदीवला पोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागला. तो सगळा वेळ वाया गेला, कारण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. कंकणद्वीपे खोल समुद्रातून एकदम उभी चढत असल्याने लाटा इंडोनेशियासारख्या उंच झाल्या नाहीत. तरी शंभराहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली आणि नुकसान सुमारे ४७ कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के इतके निघाले. आपल्याकडे एखाद्या चक्रीवादळाने दोन जिल्हे उद्ध्वस्त झाले तरी उरलेले राज्य हात देते. इथे हात द्यायला उरलेला प्रदेशच नव्हता.

राआ कंकणद्वीपातील कंधोलुधू हे तेव्हा देशातल्या सर्वांत दाटीच्या बेटांपैकी एक होते. भित्तिकेतले प्रवाळ काढून, त्याच्याच भरावाने ते वाढवलेले. लाटेत ते राहण्यायोग्य उरले नाही. साडेतीन हजारांहून अधिक माणसे आसपासच्या बेटांवरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत चार वर्षे राहिली. मग रेडक्रॉसच्या मदतीने दुवाफारू या निर्जन बेटावर सुमारे सहाशे घरे, शाळा आणि इतर सोयी उभ्या राहिल्या आणि २००८ च्या अखेरीपासून लोक तिकडे गेले. बोट दुवाफारूच्या बंदराला लागते तेव्हा समोर सरळ आखलेले रस्ते आणि एका साच्यातली घरे दिसतात. किनाऱ्यावर मात्र जाळीच्या आसनांवर बसून गप्पा मारणारी मंडळी कुठल्याही जुन्या बेटासारखीच. घरांना लोकांनी आपापल्या खोल्या जोडल्या आहेत. अख्खे गाव शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट एकत्र हलवले, हे या पुनर्वसनाचे मोठे यश. धरणग्रस्तांची गावे फुटून चार ठिकाणी गेलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याचे मोल सांगायला नको.

दक्षिणेकडच्या था कंकणद्वीपात विलुफुशीचा मार्ग वेगळा होता. तिथे बेट सोडले नाही, तेच वाढवून, उंच करून पुन्हा वसवले. ‘सुरक्षित बेट’ या कल्पनेची ती पहिली मोठी परीक्षा. कडेने उंच वरंबा, त्याच्या आत पाणी वाहून नेणारा सखल पट्टा, झाडांची ओळ, मग घरे. कागदावर चोख. पण उपसून टाकलेल्या वाळूत झाडे सहज धरत नाहीत, सावली नसते आणि गोड्या पाण्याचे भिंग तयार व्हायला काळ जातो. अभियंत्याला बेट चार वर्षांत उभे करता येते, त्याची माती नाही.

रोजच्या जगण्यात त्सुनामीपेक्षा जास्त त्रास ‘उधा’चा. नैर्ऋत्य मोसमी काळात, भरतीच्या वेळी दूरच्या दक्षिण महासागरातील वादळांनी उठवलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा बेटावर चढतात. वर आकाश निरभ्र असू शकते. केरळच्या किनाऱ्यावर हेच ‘कल्लक्कडल’ म्हणून ओळखले जाते. मे २००७ मध्ये अशा लाटांनी साठाहून अधिक बेटांवर पाणी चढवले. घरे फार पडली नाहीत, पण विहिरी, केळी आणि अरवीची शेते खारावली. या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी त्यांचा अंदाज बांधता येतो. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था २०११ पासून हिंदी महासागराच्या त्सुनामी इशारा व्यवस्थेतील तीन केंद्रांपैकी एक आहे आणि अशा लाटांचेही अंदाज देते. इशारा वेळेवर मिळाला तरी जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. टेकडी नसलेल्या देशात निवारा म्हणजे शाळेचा किंवा दुसऱ्या एखाद्या भक्कम इमारतीचा वरचा मजला. तो आधीच ठरलेला असणे, म्हाताऱ्यांना कोण नेणार हे ठरलेले असणे, पाण्याच्या टाक्यांची झाकणे आणि बोटींचे दोर कोण पाहणार हे ठरलेले असणे, यावर तिथे सारे अवलंबून आहे. २०१० च्या विकेंद्रीकरण कायद्याने बेटांना निवडून आलेली मंडळे मिळाली, २०१५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरणाला आधार दिला. बेटमंडळांच्या हातात पैसा थोडा येतो, ही त्यातली दुखरी जागा.

बंदरे हा वेगळाच पेच. प्रत्येक बेटाला बंदर हवे आणि ते न्याय्यही आहे. आजारी माणूस बोटीनेच न्यावा लागतो. पण भित्तिका फोडून केलेली खोल वाट आणि काँक्रीटचे धक्के ऋतूंनुसार फिरणारी वाळू अडवतात. एका बाजूला ढीग साचतो, दुसरीकडे किनारा खचू लागतो. मग तिथे बंधारा, आणि बंधाऱ्याच्या टोकाला पुन्हा धूप. कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या टोकाशी हे चित्र अनेकांनी पाहिले असेल. हवामान बदलाच्या खात्यावर मांडली जाणारी बरीच धूप खरे तर अशी घरची असते. ती ओळखणे उपयोगाचे आहे, कारण ती इथल्या इथे थांबवता येते.

प्रवाळांच्या बाबतीत तसे नाही. १९९८ मध्ये एल निनोच्या वर्षी समुद्र तापला आणि अनेक उथळ भित्तिकांवरचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. ते सावरत असतानाच २०१६ मध्ये पुन्हा साठ टक्क्यांहून अधिक प्रवाळ पांढरे पडले. भित्तिका निरोगी असेल तर समुद्राबरोबर तीही वर वाढू शकते आणि बेटांना वाळू पुरवू शकते. दोन तडाख्यांतले अंतर कमी होत गेले तर ही क्षमता राहत नाही. भिंत, भराव, टाकी यांपैकी कशानेही ती भरून येत नाही. तिचा निकाल जगाच्या कोळशावर आणि तेलावर आहे.

पैशाचे गणित पर्यटनाभोवती फिरते. १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट उघडले आणि आज देश त्यावरच जगतो. परदेशी पाहुण्याकडून दर रात्रीमागे हरित कर घेतला जातो. २०१५ च्या अखेरीस रिसॉर्टसाठी तो सहा डॉलर होता, २०२५ पासून बारा झाला. कचरा, सांडपाणी, किनारासंरक्षण यांसाठी तो वापरायचा अशी कल्पना आहे. हानी आणि नुकसानभरपाईसाठीच्या जागतिक निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल शेख येथे झाला, तो निधी २०२३ मध्ये दुबईत कार्यान्वित झाला आणि त्यासाठी बेटांच्या राष्ट्रांना तीस वर्षे भांडावे लागले. देश सोडून जाण्याचीही भाषा झाली. नशीद यांनी २००८ मध्ये परदेशात जमीन घेण्याचा विचार बोलून दाखवला, किरिबातीने २०१४ मध्ये फिजीत जमीन विकत घेतली, तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी स्थलांतराचा करार केला. मालदीवमध्ये तो विचार मागे पडला आणि भर भरावावर आला.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण टोकाला, अड्डूमध्ये. विषुववृत्त ओलांडल्यावर येणारे हे कंकणद्वीप २०२० मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आले. इथली पाणथळ जागा, विशेषतः हितधू बेटावरची ऐदिगली किळी, पावसाचे पाणी धरून ठेवते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चोवीस तासांत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून अड्डूच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा बुजवलेल्या सखल जागांचे महत्त्व लोकांच्या ध्यानात आले. याच अड्डूत पुढे भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मोठा भराव झाला. घरांसाठी जमीन हवी, तरुणांना मालेची वाट धरावी लागू नये, ही लोकांची मागणी खरी आहे. उपशाचा गाळ प्रवाळांवर आणि समुद्री गवतावर बसतो, ही अभ्यासकांची हरकतही खरी आहे. गाळ रोखण्याचे पडदे, प्रवाळ दुसरीकडे लावणे, उपशाची जागा बदलणे असे उपाय प्रकल्पांच्या अहवालांत असतात. ते कितपत पाळले जातात यावर देखरेख स्वतंत्र हवी, आणि काम सुरू होण्याआधी भित्तिकेची स्थिती मोजून जाहीर व्हायला हवी. कर्ज भारताचे असल्याने हा आग्रह धरण्याचा अधिकार, आणि जबाबदारीही, भारताकडे येते.